एका उदाहरणाची वाट

अहो,

तुम्ही गेल्यापासून आपल्या घरातून कोणी सांगून जात नाही. माणसं येतात, बाहेरच्या सोप्यावर बसतात, तुमच्या फोटोकडे बघतात, माझ्याकडे बघायचं टाळतात. मग मधेच उठून, चपला पायात सरकवून, मुकाट्याने पायऱ्या उतरतात. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. म्हटलं तर पुन्हा अशाच कारणाने यावं लागतं म्हणे. ही रीत मला लहानपणापासून ठाऊक आहे. मीही कितीतरी घरांतून अशी गुपचूप उठून आलेय. पण आपण रीत पाळणं वेगळं आणि आपल्याच घरी ती पाळली जाणं वेगळं. एखादी गोष्ट सांगता सांगता वर बघावं, तर समोरची खुर्ची रिकामी झालेली असते.

शाळेच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर लिहा, असं मुख्याध्यापक सांगून गेलेत. जन्म, शिक्षण, कुठल्या कुठल्या शाळांत नोकरी, ही सगळी माहिती त्यांच्याकडे आहे. ती त्यांनी छापावी. मला तुमच्याविषयी कोणाला काही सांगायचं नाही, तुमच्याशीच बोलायचंय. एक वाद अर्धा सोडून गेलात, तो पुरा करायचाय. आणि आपल्या नितीनने मला एक विचारलं होतं, त्याचं उत्तर मी काय दिलं तेही तुम्हाला सांगायला हवं. तेरावा झाला की घर बंद कर आणि माझ्याबरोबर पुण्याला चल, असं तो म्हणत होता. आठवडाभर मी त्याला नुसतं 'बघू' म्हणत राहिले.

पण आधी तुमच्या जोड्या.

तुम्ही त्यांना जोड्याच म्हणायचात. जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन इंग्रजी शब्द घ्यायचे आणि त्यांच्यात फरक काय ते पोरांच्या डोक्यात शिरेपर्यंत सोडायचं नाही. धारगळच्या शाळेतून दहावी झालेल्या कोणालाही विचारा, लेंड आणि बॉरो त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. कारण तुम्ही एकाची छत्री घ्यायचात, दुसऱ्याला द्यायचात, आणि शाळा सुटेपर्यंत कोणी कोणाला काय केलं ते वाक्यात सांगितल्याशिवाय छत्री परत मिळायची नाही. पावसाळ्यात निम्मा वर्ग भिजत घरी जायचा आणि आया माझ्याकडे तक्रार घेऊन यायच्या. मी शेजारच्याच प्राथमिक शाळेत मराठी शिकवत होते, त्यामुळे तुमचं सगळं गाऱ्हाणं माझ्याच दारात.

शेड आणि शॅडो शिकवताना तर तुम्ही अख्खा वर्ग अंगणातल्या फणसाखाली आणलात. निम्मी पोरं झाडाखाली, निम्मी उन्हात. झाडाखाली बसलेत ते शेडमध्ये, उन्हातल्यांच्या पायाशी पडलीय ती शॅडो. मी माझ्या वर्गाच्या जनेलातून बघत होते. माझी दुसरीतली मुलं कविता सोडून जनेलाला लटकली. त्या संध्याकाळी तुम्ही मला ऐकवलंत की तुमच्या मराठीत दोन्हींना सावलीच म्हणतात, भाषा गरीब आहे ती. मी तेव्हा काही बोलले नाही. तुमच्या मावसबहिणीच्या लग्नाला निघताना मात्र मी दारात उभं राहून विचारलं, "तुमच्या इंग्रजीत साडी वेअर, चप्पल वेअर आणि केसातलो गजरोय वेअर, होय मा? आमी साडी नेसतो, चप्पल घालतो, गजरो माळतो, बांगड्यो भरतो. आता गरीब कोण ता सांगा." तुम्ही घसा खाकरलात आणि पाववाला पदेर आला का ते बघायला म्हणून बाहेर गेलात.

ही तुमची खूण मला लग्नानंतर थोड्याच दिवसांत कळली होती. तुम्ही कधी हरलो म्हणाला नाहीत. जन्मात नाही. पण वादात अडकलात की तुम्हाला उंडे आणायचे आठवायचे. पदेराचा भोंगा ऐकू येवो न येवो, घरात सकाळचे उंडे पडलेले असोत, तुम्ही पिशवी घेऊन निघायचात आणि गरम उंडे माझ्यासमोर आणून ठेवायचात. त्यावर एक शब्द नाही. घरात पाव जास्त झाला की मी समजायची, आज आपण जिंकलो. नितीन लहान असताना विचारायचा, आपण इतके उंडे कित्याक खातो. मी म्हणायची, तुझ्या बापाशीच विचार.

तुम्ही मला बघायला मुळगावला आलात तो दिवस तुम्हाला आठवायचा का, हे मी कधी विचारलं नाही. खाणीचे ट्रक तेव्हा आमच्या दारावरूनच जायचे. तुम्ही पांढराशुभ्र सदरा घालून आलात आणि रस्त्यापासून आमच्या अंगणापर्यंत येईतो तो तांबडा झाला. बाबा ओशाळले. तुम्ही सदरा झटकलात आणि म्हणालात, ही डस्ट, तुमच्या शेतात आहे ती सॉइल, आणि पावसात पायाला लागते ती मड. तिन्ही मातीच, पण एकीत पीक येतं, एकीने कपडे जातात. मग त्या तीन शब्दांवर तुम्ही इतका वेळ बोललात की मला एक प्रश्न विचारायचं विसरलात. तुमची मामी तुम्हाला कोपराने ढोसत होती. मी आत पोह्यांच्या बशा भरत सगळं ऐकत होते. मला हसू येत होतं, आणि त्याच वेळी मी मनात ठरवून टाकलं. दोन शब्दांत इतका फरक बघणारा माणूस दोन माणसांना एकाच मापाने मोजणार नाही, असं मला वाटलं. माझा अंदाज बरोबर निघाला. तुमच्या आईशी बोलायची तऱ्हा वेगळी, माझ्या आईशी वेगळी. वर्गातल्या हुशार मुलाला रागवायची रीत वेगळी, मागच्या बाकावरच्याला वेगळी. मला चिडवायची तर आणखीनच वेगळी, ती दुसऱ्या कोणावर तुम्ही कधी वापरली नाहीत.

तुम्ही मला इंग्रजी कधी शिकवलं नाहीत. नुसतं चिडवलंत. तरी तेवढ्यावर मला बरंच आलं.

एका जोडीवरून मात्र आपलं कायम वाजायचं. शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना पोरं तुम्हाला सवयीने म्हणायची, "आय कम, सर." तुम्ही त्यांना परत आत बोलवायचात. "खंय येतंस? घराकडे जातंस मा? मग कम कसा जाला? गो म्हण." मग ते पोर खाली मान घालून "आय गो, सर" म्हणायचं, असं तोंड करून की जणू पुन्हा भेटणारच नाही. मी भांडायची. म्हणायची, आपल्याकडे कोणी 'जातो' म्हणून घराबाहेर पडतं का? 'येतो' म्हणतो तो परतायचं वचन देऊन जातो. पोरांना निघतानाचं अभद्र कशाला बोलायला लावता? तुम्ही म्हणायचात, इंग्रजीत वचन वेगळं द्यावं लागतं, ते क्रियापदात फुकट मिळत नाही. मी म्हणायची, मग तुम्ही स्वतः घरातून निघताना काय म्हणता? त्यावर तुम्ही पिशवी शोधायला लागायचात.

कारण तुम्हीही एकदासुद्धा 'जातो' म्हणाला नव्हतात. रोज 'येतंय गो', आणि रोज आलात.

त्या रविवारचंच सांगते. जेवायच्या आधी मी रश्मीला फोनवर चार ओळी पाठवत होते. आपल्या सुनेला मराठी वाचायचा कंटाळा, म्हणून इंग्रजीत. गणपतीत चवथीला तुम्ही दोघं येणार ना, आम्ही वेट करतोय, असं लिहिलं. तुम्ही खांद्यावरून वाकून वाचलंत आणि म्हणालात, वेट नको, एक्स्पेक्ट लिही. मी म्हटलं, एक्स्पेक्ट तर पोटुशी बायको करते. या वयात शोभेल का मला? तुम्ही हसलात. मग खुर्ची ओढून समोर बसलात, म्हणजे आता सुटका नाही हे मला कळलं.

"वेट म्हणजे काम सोडून वाटेकडे डोळे लावून बसणा," तुम्ही म्हणालात. "एक्स्पेक्ट म्हणजे माणूस येतला म्हणान धरून चलणा. चवथ अजून लांब आसा. तू आतापासून दारात बसतलंस?"

"बसतलंय," मी म्हटलं. "आनी येतला असा वाटता म्हणानच माणूस वाट बघता. दोनय एकच."

"एकच नाय. येतला म्हणान वाटता, पण वाट बघना नाय, असा होता. विजेचा बिल येतला ता आपणाक ठावक आसा. तेची कोण वाट बघता?"

हे मला पटलं. पण पटलं असं तुम्हाला दाखवायची माझीही रीत नव्हती. मी उलटी बाजू धरली. "मग दुसऱ्या तोंडान सांगा. जो येवचो नाय ह्या पक्का म्हायत आसा, तेची वाट कोण बघता? तसो एक माणूस दाखवा माका. मग मी मानतंय दोन शब्द वेगळे म्हणान."

 भात गार होईपर्यंत विचार करत होतात. जेवण झाल्यावर तुयेंच्या वर्गाला जायची वेळ झाली, तरी तुम्ही छत्री हातात घेऊन पायरीवर थांबलात. कारखान्यातल्या बायकांना तुम्ही निवृत्तीनंतर रविवारी शिकवायला जायचात, त्या बायकांचा एक रविवार कधी चुकवला नाहीत. शेवटी म्हणालात, "सांजेक इलंय की सांगतंय. उदाहरण इचार करून देवक व्हया." आणि मग फाटकातून वळून, "येतंय गो."

मी आतून म्हटलं, या. नीट बघितलंही नाही. ताटं उचलत होते.

त्यानंतरचं सगळं मला दुसऱ्यांकडून कळलं. वर्गात खुर्चीवर बसलात आणि बसलेलेच राहिलात. बायकांनी गाडी केली, इस्पितळात नेलं, पण डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्याकडे परत आली ती तुमची कापडी पिशवी. चष्मा, खडू, घडी केलेला रुमाल, आणि कागदात बांधलेले उंडे. ते तोवर दगडासारखे झाले होते. मला वाटलं, तुम्हाला भूक लागली असणार. मी तुम्हाला पोटभर वाढलं नाही की काय, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. गार भाताचाच घोर लागून राहिला मला.

मग दिवस सुरू झाले. शेजारची शांताकाकू रोज सकाळी पेज घेऊन यायची, कारण चूल पेटवायला मी उठत नव्हते. काही बोलायची नाही. वाटी हातात द्यायची, संपेपर्यंत शेजारी बसायची. तुमचे एक लांबचे भाऊ आले, ते मात्र उभ्यानेच घर बघत म्हणाले, अरेरे, एवढं मोठं घर आणि ही बिचारी. तुम्ही असतात तर त्या दोघांना बाजूबाजूला उभं करून वर्गाला विचारलं असतं, ह्यांतली सिम्पथी कुठली आणि पिटी कुठली. पोरांनी चटकन ओळखलं असतं.

नितीन मात्र मनापासून काळजी करत होता. "आई, तू हंय एकटी कशी रवतलंस?" त्याने किती तरी वेळा विचारलं. तो पोर चांगला आहे हो, तुमच्यासारखा हट्टी नाही. मी त्याला म्हटलं, तुझे बाबा अलोन आणि लोनली शिकवताना काय सांगायचे आठवतं? अलोन म्हणजे डोकी मोजायची. लोनली म्हणजे मोजून भागत नाही. तो म्हणाला, म्हणूनच सांगतो, चल.  खरं सांगायचं तर मला जायचंही नव्हतं आणि राहायची भीतीही वाटत होती. संध्याकाळी हायवेवर बस थांबल्याचा आवाज आला की माझी मान आपोआप फाटकाकडे वळायची. हायवे रुंद झाल्यापासून बस कुठे थांबेल याचा नेम नाही, तरी ब्रेकचा आवाज ओळखू येतो. पुण्याला निदान हा आवाज नसेल, असंही एकदा मनात आलं.

तेराव्याच्या आधी दोन दिवस तुयेंहून शर्मिला आली. तुमच्या वर्गातली, बांद्याकडची, पॅकिंगला काम करते ती. तुम्ही नेहमी तिचं नाव घ्यायचात, प्रश्न विचारून जीव खाते म्हणायचात आणि खूश असायचात. सोप्यावर शांताकाकू होती, तुमचे ते लांबचे भाऊ होते, आणखी दोन-चार माणसं होती. शर्मिला कोपऱ्यात बसली. बराच वेळ तिने पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "बाई, एक सांगू काय? त्या दिवशी सर इले ते तसेच फळ्यार गेले. दोन शब्द लिवल्यानी. वेट आनी एक्स्पेक्ट."

मी वाटी खाली ठेवली.

"म्हणाले, आज माका बायलेन अडकवल्यान. घराकडे तोंड दाखवक जागा नाय. तुमच्यापैकी कोणाक सुचता तर सांगा, येवचो नाय ता म्हायत आसून वाट बघता असो माणूस खंयचो? आमी सगळ्यो हसलो. सरय हसले. म्हणाले, कोपऱ्यावरच्या बेकरीतसून उंडे घेवन ठेवले हत, आता तेच घेवन जावक व्हये." ती थांबली. "मग बसले. आमका वाटला, इचार करतत."

म्हणजे भूक नव्हती. तुम्ही बस उतरल्या उतरल्या, वर्गात शिरायच्याही आधी, हरल्याचे उंडे घेऊन ठेवले होते.

मी रडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा नीट रडले, आणि रडताना मला हसूही येत होतं. शांताकाकूला वाटलं मला चक्कर येतेय, तिने पाणी आणलं. जन्मभर मला कधी जिंकलीस म्हणाला नाहीत. ते परक्या बायकांच्या भरल्या वर्गात सांगून टाकलंत. सांगताना हसत होतात, हे मला तिने सांगितलं नसतं तर कोणी सांगितलं असतं? तुमचं शेवटचं हसू माझ्यावरून होतं. एवढ्यावर मी पुष्कळ दिवस काढीन.

शर्मिला घाबरली असावी. गडबडीने उठली, पायरीपर्यंत गेली, चप्पल घातली आणि रोजच्या सवयीने म्हणाली, "बरा बाई, येतंय हां."

 तुमचे भाऊ खुर्चीत ताठ झाले. शांताकाकू म्हणाली, "अगो, असा म्हणाचा नाय गो हंयसून." शर्मिलाने जीभ चावली. तिचा चेहरा उतरला, आणि ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू तिनेच घरावर काही आणलं. फाटकात अडवलेल्या तुमच्या पोरांचा चेहरा असाच व्हायचा.

आणि मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. इतके दिवस घरातून नुसती पाठ दिसत होती माणसांची. एवढ्यात पहिल्यांदा कोणीतरी परत यायचं बोलून निघालं होतं. मी म्हटलं, "ये. पण कधी येतलंस ता सांग."

तिला आधी कळलं नाही. मग म्हणाली, "आयतारी येवं? तो धडो अर्धोच रवलो बाई. बाकीच्यांकय घेवन येतंय. पण शिकवतलो कोण?"

"बघूया," मी म्हटलं. तुमचे भाऊ दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. रीत मोडणाऱ्या घरात पाय ठेवायला त्यांना नको वाटलं असेल. त्यांचं काही चूक नाही, पण घरात जरा मोकळं वाटलं.

तेरावा झाला. रविवारी दुपारी नितीनची गाडी निघायची होती. त्याने माझीही बॅग काढून ठेवली होती, रिकामी, पलंगावर. मी त्याला बाहेर बोलावलं आणि खुर्च्या मांडायला लावल्या. कोण येणार, त्याने विचारलं. मी सांगितलं.  मग त्याने पलंगावरची बॅग उचलून कपाटावर ठेवली. निघताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "येतंय आई. चवथीक." यंदा दुखवट्याच्या वर्षी चवथ कशी करायची ते भावकीतले ठरवतील, पण पोर येणार. मी म्हटलं, ये. या वेळी नीट बघितलं, गाडी वळेपर्यंत.

नंतर बायका आल्या. तुमच्या खुर्चीवर मी बसले नाही, बाजूला दुसरी घेतली. शिकवायची मला सवय आहे, भीती फक्त इंग्रजीची. म्हणून दोन्ही शब्द मी मराठीतच फोडले. सांगितलं, माझा मुलगा चवथीला येणार आहे. मी रोज कामं करीन, झोपीन, शांताकाकूशी भांडीन, आणि तो येईल. तुम्ही आज येणार हेही मला ठाऊक होतं, म्हणून खुर्च्या मांडून मी आत भांडी घासत बसले. हे एक्स्पेक्ट. त्यांना ते लगेच कळलं. शर्मिला म्हणाली, "म्हणजे तेका बघूक बसाचा लागना नाय."

"नाय लागत."

"आनी वेट?"

मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात हायवेवर बस थांबली. माझी मान फाटकाकडे वळली. मी वळवली नाही हो, वळली. फाटक बंद होतं. पलीकडे रस्त्यावर कोणी नव्हतं. बस सुटल्याचा आवाज आला आणि मी परत इकडे बघितलं तर सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.  मग शर्मिला अगदी हळू म्हणाली, "कळला बाई."

वर्ग तिथेच संपला. निघताना प्रत्येकीने 'येतंय' म्हटलं. एकीने तर फाटकातून दोनदा. मी दोन्ही वेळा 'ये' म्हटलं.

खुर्च्या आत घेत होते तेव्हा पदेराचा भोंगा वाजला. सायकल फाटकाशी थांबवून तो विचारायला लागला, बाई, कितके? आता मला एकच पुरतो. तरी मी पिशवी घेऊन उतरले आणि भरून घेतले. तो गोंधळला. म्हणाला, पाव्हणे इल्यात? मी म्हटलं, नाय रे.

उंडे आणून तुमच्या फोटोपुढे ठेवलेत. गरम आहेत अजून. बाकी काही बोलत नाही, तुम्हाला खूण ठाऊक आहे.